लेन्स बसते, पण निघत नाही

सांगलीहून एका चोवीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. दोन वर्षांपूर्वी तिला केराटोकोनस असल्याचं निदान झालं, म्हणजे कॉर्नियाचा, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आजार. चष्मा लावूनही अक्षरं दुहेरी, पसरलेली दिसत, म्हणून तिने पुण्यातून दोन्ही डोळ्यांसाठी कडक लेन्स करून आणल्या. दुकानदार त्यांना सेमी-सॉफ्ट म्हणतात, त्याच या. त्या घालून स्वच्छ दिसतं आणि घालायलाही तिला जमतं. काढायला मात्र जमत नाही. एका रात्री डावी लेन्स सरकून कानाकडच्या कोपऱ्यात गेली आणि दोन तास हाती लागली नाही. आत्या म्हणाल्या, मागे मेंदूकडे गेली तर काय करायचं? शेवटी वहिनीने रबरी सक्शन कपने ती काढली. तेव्हापासून रोज वहिनीच लेन्स काढते. वहिनी माहेरी गेली की लेन्स डबीत. गेले पंधरा दिवस तर त्या डोळ्यांत गेलेल्याच नाहीत. घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली आहे. आई म्हणते, कुणाला सांगू नकोस, त्यापेक्षा लेझर करून घे. मैत्रीण विचारते : माझा हातच भित्रा आहे, हे मला कधी जमायचं नाही. मग ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हावं का?

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या रात्रीबद्दल. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊच शकत नाही, मेंदूकडे जाणं तर लांबच राहिलं. पापणीच्या आतून जे पातळ अस्तर असतं, तेच आत जाऊन वळतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरतं. त्यामुळे वर आणि खाली दोन्हीकडे ती पिशवी बंद असते. लेन्स कितीही सरकली तरी त्या पिशवीतच राहते. तिच्या जागेपेक्षा धोका असतो तो आपण शोधताना डोळा चोळतो आणि दाबतो त्याचा. हे आत्यांनाही वाचून दाखव, कारण पुढच्या वेळी घरातलं एक माणूस जरी शांत राहिलं तरी निम्मं काम होतं.

आता तुझा भित्रा हात. तूच लिहितेस की लेन्स घालायला तुला जमतं. बोटाच्या टोकावर लेन्स घेऊन उघड्या डोळ्यावर टेकवणं हे भित्र्या हाताचं काम नव्हे. पत्रात पुढे एक ओळ आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. लेन्स देणाऱ्यांनी घालण्याचा सराव तुझ्याकडून तीन-चार वेळा करून घेतला. काढायची मात्र त्यांनीच एकदा काढून दाखवली, आणि बाकीचं तू मोबाइलवर बघून शिकलीस. म्हणजे जमत नाही असं तू ज्याला म्हणतेस, ते तुला कुणी नीट शिकवलेलंच नाही. मी डॉक्टर नाही, पण अनेक वर्षं अशाच लेन्स वापरते. माझं ठाम मत आहे की ज्याला स्वतःच्या हाताने लेन्स काढता येत नाही, त्याला ती घरी घेऊन जाऊच देऊ नये. आधी काढणं शिकवावं, मग घालणं.

मोबाइलवरचे बहुतेक व्हिडिओ सॉफ्ट लेन्सचे असतात. सॉफ्ट लेन्स साधारण १४ मिलिमीटर रुंद असते, मऊ असते आणि चिमटीत धरून काढता येते. तुझी लेन्स बहुधा ९ ते १० मिलिमीटरची असेल, म्हणजे कॉर्नियापेक्षाही लहान. ती कडक असल्यामुळे चिमटीत येत नाही. चिमटी करायला गेलीस की बोटं थेट कॉर्नियावर घासतात आणि ओरखडा पडू शकतो. तेव्हा ती चिमटी कायमची विसर. ही लेन्स बोट काढत नाही, पापणीची कड काढते. बोटाचं काम पापणी धरण्यापुरतंच. लेन्स डोळ्यावर टिकते ती अश्रूंच्या पातळ थरामुळे. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की ओढून सुटत नाहीत, पण एका कडेखाली नख सरकवलं की चटकन सुटतात, तसंच हे आहे. ते नख म्हणजे तुझी खालची पापणी.

म्हणून पहिले काही दिवस लेन्सला हातही लावू नकोस. हात धुऊन आरशासमोर उजेडात बस आणि रिकाम्या डोळ्यावर सराव कर. तर्जनीचं टोक वरच्या पापणीवर ठेव. पापणीच्या मधोमध ठेवू नकोस, पापणीचे केस जिथून उगवतात त्या ओळीवर, अगदी काठावर ठेव. आता पापणी हळूच वर घे आणि आरशात नीट बघ. पापणीच्या आतली लालसर बाजू दिसली, तर बोट काठापासून लांब आहे आणि पापणी उलटते आहे. उलटलेल्या पापणीला कडच राहत नाही. ती लेन्सवरून घसरते आणि लेन्सला पुढे रेटत नेते. तुझी लेन्स त्या रात्री कोपऱ्यात गेली ती बहुधा अशीच. बोट दोन मिलिमीटर खाली आणलंस की तीच पापणी डोळ्याला लागून सरळ उभी राहते आणि लाल बाजू दिसेनाशी होते. हा फरक आरशात स्वतः पाहा, पुन्हा पुन्हा पाहा. खालच्या पापणीलाही तेच कर. खालची पापणी जास्त सैल असते, ती लवकर उलटते. हा सराव चहा उकळेपर्यंतच्या वेळातही होतो, आणि त्यात हरवण्यासारखं काही नसतं.

हे जमलं की लेन्स घालून तेच करायचं. मान सरळ, नजर आरशातल्या त्याच डोळ्याच्या मध्यावर. दोन तर्जन्यांनी दोन्ही पापण्या काठाला धरून इतक्या उघड की वरची कड लेन्सच्या वर जाईल आणि खालची कड लेन्सच्या खाली. बरेच जण इथेच घाई करतात. डोळा लेन्सपेक्षा जास्त उघडला नाही तर पापणी लेन्सवरच चढते. मग दोन्ही कडा डोळ्याला हलक्या टेकव आणि एकमेकींकडे आण. वरची कड लेन्सच्या वरच्या काठाला धरून ठेवते, खालची कड खालच्या काठाखाली शिरते आणि लेन्स पुढे कलून पापणीवर येते. जोर लागत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर पापण्यांची जागा चुकली आहे, थांबून पुन्हा लाव.

दुसरी पद्धत त्याहून सोपी आहे, तुझ्या वयाला चांगली जमते आणि तिला आरसाही लागत नाही. टेबलावर स्वच्छ, गुळगुळीत कापड पसर. तोंड टेबलाकडे करून वाक. डोळा मोठ्ठा उघड, एकदम आश्चर्य वाटल्यासारखा. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर उजवी तर्जनी ठेव, दोन्ही पापण्या कानाच्या दिशेने ताणून धर आणि ताण न सोडता एकदा जोरात पापणी मिट. डाव्या हाताची ओंजळ खाली तयार ठेव. लेन्स ओंजळीत नाहीतर कापडावर पडते. नाही पडली तर ताण सोड, दोन-चार वेळा साधी उघडझाप कर आणि पुन्हा कर. संध्याकाळी वीज गेली तरी ही पद्धत चालते, म्हणून ती शीकच. साठी ओलांडलेल्या वाचकांच्या पापण्या सैल झालेल्या असतात, त्यांना हा ताण पुरेसा बसत नाही, त्यांनी पहिली पद्धत धरावी. आणि ज्यांची लेन्स स्क्लेरल आहे, म्हणजे पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी, त्यांना या दोन्हीतली एकही लागू नाही. ती काढायची रीत वेगळी असते आणि ती लेन्स देणाऱ्याकडूनच शिकायला हवी.

बसण्याची जागा, वेळ आणि पंखा या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण निम्मा त्रास त्यांच्यामुळेच होतो. बेसिनपाशी उभं राहून काढू नकोस, लेन्स जाळीतून गेली की गेली. पंखा बंद कर, नाहीतर डोळाही कोरडा पडतो आणि बोटावरची लेन्सही उडते. रात्री अकरा वाजता, डोळे दमून कोरडे झाले असताना सराव करू नकोस. यार्डातून आलीस की हातपाय धुऊन, दिवसाच्या उजेडात बस. डॉक्टरांनी कडक लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब दिले असतील तर एक थेंब घालून पाच मिनिटं थांब. कोरड्या डोळ्यावर लेन्स घट्ट बसते आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. लेन्स फरशीवर पडली तर बोटाने ओढून उचलू नकोस, चरे पडतात. सलाइनने ओलं केलेलं बोट तिच्यावर हलकं टेकव, ती चिकटून वर येते.

आणि पुन्हा सरकली तर? सरकेल, सगळ्यांचीच कधी ना कधी सरकते. पहिल्यांदा हात खाली घे. आरशासमोर एकेका दिशेला बघत ती कुठे आहे ते शोध. कानाकडे गेली असेल तर नाकाकडे बघितल्यावर पांढऱ्या भागावर तिची गोल कड दिसते. वर गेली असेल तर खाली बघ आणि वरची पापणी उचल. दिसली की एक-दोन थेंब घाल, डोळा मिटून थोडा वेळ बस. मग पापणीच्या कडेने, लेन्सच्या काठाला हलकं लावून तिला बुबुळाकडे सरकव आणि त्याच वेळी नजर हळूहळू लेन्सकडे वळव. लेन्सच्या मधोमध बोट दाबायचं नाही, त्याने ती जास्त घट्ट बसते. हलतच नसेल तर तिच्या काठाबाहेर पांढऱ्या भागावर पापणीवरून हलका दाब दिला की आत हवा किंवा अश्रू शिरून ती सैल होते. अर्ध्या-पाऊण तासात नाही जमलं, तर खटपट थांबवून डॉक्टरांकडे जा. रात्रभर पांढऱ्या भागावर लेन्स ठेवून झोपायचं नाही.

वहिनीबद्दल मला कृतज्ञता वाटते, हे मनापासून सांगते. दुसऱ्याच्या डोळ्यातून लेन्स काढायला धीर लागतो. पण सक्शन कपचा एक नियम तिलाही माहीत हवा. लेन्स कुठे आहे हे डोळ्याने दिसल्याशिवाय कप टेकवायचा नाही. लेन्स आधीच सरकलेली किंवा पडलेली असली, तर कप थेट कॉर्नियाला चिकटतो आणि ओढल्यावर इजा होते. बॅटरीचा उजेड बाजूने पाडला की लेन्सची कड चमकते. ती दिसली तरच सलाइनने ओला केलेला कप लेन्सवर, मध्यापासून जरा खाली टेकवायचा आणि हळूच बाहेर घ्यायचा. कप वाईट नाही. अडल्यावेळी तो हाताशी असावा. मात्र पहिले काही दिवस वहिनीने फक्त बॅटरी धरावी आणि लेन्स जागेवर आहे की नाही एवढंच सांगावं. हात तुझे.

घरी एकटीने सुरुवात करायची हिंमत होत नसेल तर त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मिरज शेजारी आहे. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून लांबलांबचे लोक उपचारासाठी मिरजेत येत आले आहेत, तू तर रिक्षाने जाशील. सांगली-मिरजेत कॉन्टॅक्ट लेन्स बसवणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला आधी फोन करून सरळ विचार : कडक लेन्स काढायला शिकवण्यासाठी अर्धा तास द्याल का, त्याची फी काय? समोर बसून प्रत्येक डोळ्यातून पाच वेळा स्वतः काढून झाल्याशिवाय उठू नकोस. आणि लेन्स सतत टोचते, फार घट्ट बसते किंवा वारंवार आपोआप सरकते असं असेल तर तेही सांग. लेन्सचं मापच चुकलेलं असू शकतं. केराटोकोनसमध्ये कॉर्नियाचा आकार बदलत जातो, तेव्हा दोन वर्षांपूर्वीची लेन्स आज तशीच बसेल असं नाही.

तुझं काम हळदीचं, म्हणून हातांबद्दल वेगळं लिहिते. सौद्यांच्या दिवसांत यार्डात हवेतसुद्धा हळद असते. ती नखांच्या कडेला, बोटांच्या रेषांत बसते आणि साबणाने एकदा धुऊन जात नाही. नखं कापलेली ठेव. वास नसलेला, क्रीम नसलेला साधा साबण वापर, दोनदा धू आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूस. डोक्याला तेल लावायचं ते लेन्स घालून झाल्यावर, आणि मग हात पुन्हा धुऊन. संध्याकाळी ठेचा करायचा असेल तर आधी लेन्स काढ, मग मिरचीला हात लाव. मिरची साबणाने धुतली तरी बोटावर तासन्‌तास राहते. आणि पाणी : लेन्सला, डबीला, कपला, कशालाच पाणी लागता कामा नये. नळाचं नाही, बोअरचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो लेन्सखाली कॉर्नियात शिरला तर त्याचा संसर्ग फार वेदनादायक असतो आणि बरा व्हायला महिने लागतात. लेन्स थुंकीने ओली करणं तर अजिबात नाही. तळहातावर क्लीनरने हलकी चोळायची, सलाइनने धुवायची, रोज ताज्या सोल्युशनमध्ये ठेवायची. कालच्या सोल्युशनमध्ये भर घालायची नाही. सकाळी डबी रिकामी करून सोल्युशनने विसळायची आणि उघडी, पालथी वाळत ठेवायची, दर तीन महिन्यांनी बदलायची.

आता ऑपरेशन. चष्मा घालवण्याचं जे लेझर तुझ्या आईच्या मनात आहे, त्यात कॉर्नियाचा थर कमी करतात. केराटोकोनसमध्ये कॉर्निया आधीच पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत असतो. तो आणखी पातळ केला तर आजार बळावतो, म्हणून असं निदान झालेल्या डोळ्यावर ते लेझर करत नाहीत. आईने कुणाचं ऐकलं असेल त्या व्यक्तीचा डोळा वेगळा होता. तुझ्या आजारात जे करतात ते सीथ्रीआर. त्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, त्याने कॉर्निया कणखर होतो आणि आजार पुढे सरकणं बहुतेकांचं थांबतं. त्यानंतरही स्वच्छ दिसण्यासाठी बहुतेकांना लेन्स लागतेच. तुझ्या पत्रात मागच्या दोन वर्षांत पुन्हा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, केल्याचा उल्लेख नाही. चोवीसाव्या वर्षी आजार वाढत असू शकतो, तेव्हा ती तपासणी आधी करून घे आणि सीथ्रीआरची गरज आहे का ते डॉक्टरांना विचार. आणि डोळे चोळणं आजपासून बंद. लेन्स काढल्याकाढल्या चोळावंसं वाटतं, हळदीच्या धुळीने खाज सुटते, हे मला माहीत आहे. पण चोळण्याने हा आजार वाढू शकतो. खाजेवर डॉक्टरांकडून थेंब लिहून घे, गार ओल्या कापडाची घडी मिटल्या डोळ्यावर ठेव.

लग्नाच्या बाबतीत आईची काळजी मी समजू शकते. मुलीच्या डोळ्याला काही आहे म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत, हे तिने आजूबाजूला पाहिलं असणार. तरी मी तुला लपवायला सांगणार नाही. लेन्सला रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, स्वच्छ जागा, सोल्युशनची बाटली आणि बंद पंखा लागतो. हे सगळं सासरी लपवायचं म्हणजे लेन्स घालून झोपायचं, बाथरूममध्ये अंधारात काढायची, पाण्यात ठेवायची. डोळा जातो तो असल्या गोष्टींनी. बोलणी पुढे गेली की तूच सांग, दोन वाक्यांत : मला केराटोकोनस आहे, लेन्सने मला नीट दिसतं, मी नोकरी करते. आईला आधी डॉक्टरांसमोर बसवून तिच्या शंका विचारू दे. तिची अर्धी भीती माहिती नसल्याची आहे.

पुन्हा सुरुवात करताना पंधरा दिवसांचा खंड पडला आहे हे लक्षात ठेव. पहिल्याच दिवशी आठ तास घालून यार्डात जाऊ नकोस. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर तीन-चार तासांपासून सुरू करून रोज तासा-दोन तासाने वाढव. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये डबी, सलाइन, छोटा आरसा, कप आणि जुना चष्मा ठेव. कडक लेन्सखाली धुळीचा कण गेला की डोळ्यात एकदम सुई टोचल्यासारखं होतं आणि पाणी वाहायला लागतं. तेव्हा वहिनी घरी असते आणि तू यार्डात. काढायची, सलाइनने धुवायची, डोळ्याला थोडा आराम देऊन पुन्हा घालायची. हे तुझं तुला करता यायला हवं, ते मुख्यतः याचसाठी. स्कूटरवर काच खाली केलेलं हेल्मेट घाल.

लेन्स काढल्यावरही डोळा लाल राहिला, दुखत राहिला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं, तर लेन्स परत घालू नकोस आणि मेडिकलमधून थेंब आणून टाकू नकोस. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि लेन्स डबीसकट सोबत ने.